पैशावाचून दिल्लीदर्शन



दिल्ली पाहून आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो हा, की खर्च किती आला? काय पाहिले, हा प्रश्न मागाहून येतो. यात आपला दोष नाही. सातिवलीच्या एखाद्या गाळ्यात यंत्रावर उभे राहून संसार चालवणाऱ्या माणसाला हिशेब आधी करावा लागतो आणि हौस मागून भागवावी लागते. असेच एक गृहस्थ मला भेटले. मुलाची दिल्लीला कसलीशी परीक्षा होती, म्हणून ते त्याच्याबरोबर गेले होते. परीक्षा एका दिवसाची आणि परतीच्या गाडीचे आरक्षण तिसऱ्या दिवसाचे. मधले दोन दिवस काय केले, असे मी विचारले. ते म्हणाले, "काय करणार गुरुजी? खिशात मोजके पैसे. स्टेशनाजवळच्या खोलीत पडून राहिलो. दिल्ली मोठ्यांची. तिथे पाऊल टाकायचे तर पैसे मोजावे लागतात."

त्यांचे हे वाक्य माझ्या मनाला लागून राहिले. दोन दिवस फुकट गेले याचे मला फारसे वाईट वाटले नाही. पण आपल्या देशाच्या राजधानीत जाऊन एका नागरिकाला 'ही आपली नव्हे' असे वाटावे, याचे वाईट वाटले. त्यातही गंमत अशी, की त्यांची समजूत मुळातच चुकीची होती. दिल्लीत पाहण्यासारखे जे आहे, त्यांतले पुष्कळसे एक पैसाही न देता पाहता येते. तेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

'फुकट' म्हणजे काय?

प्रथम एका शब्दाचा खुलासा करतो. 'फुकट' म्हटले की आपल्याला थोडे ओशाळल्यासारखे होते. कोणी उपकार करतो आहे असे वाटते. सार्वजनिक स्थळांच्या बाबतीत ही समजूत टाकून दिली पाहिजे. सरकारी बागेचा माळी आणि स्मारकावरचा पहारेकरी यांचा पगार आपण भरलेल्या करांतूनच जातो. मीठ सोडले तर बहुतेक जिन्नस विकत घेताना आपण कर देतच असतो. तेव्हा तिथे आपण आश्रित म्हणून शिरत नाही, भागीदार म्हणून शिरतो. देवळात किंवा गुरुद्वारात जे विनामूल्य मिळते, त्याचा हिशेब निराळा. तिथे कोणा अनोळखी माणसाच्या श्रद्धेने आपल्यासाठी आधीच पैसे भरून ठेवलेले असतात.

लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, जंतरमंतर आणि पुराना किल्ला यांना तिकीट आहे, हे आधीच सांगून टाकतो. ते फार मोठे नाही आणि पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालील मुलांना पैसे पडत नाहीत. ज्याला झेपेल त्याने ती अवश्य पाहावीत. मी मात्र आज तिकिटाच्या खिडकीकडे तोंड न करता दिल्ली कितपत दिसते, एवढेच सांगणार आहे.

नवी दिल्ली: इंडिया गेट ते तालकटोरा

राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलवण्याची घोषणा डिसेंबर १९११ मध्ये झाली आणि नव्या शहराचे उद्घाटन फेब्रुवारी १९३१ मध्ये झाले. त्याच महिन्यात इंडिया गेटचेही अनावरण झाले. ही ४२ मीटर उंचीची कमान लट्यन्स या वास्तुशिल्पकाराने आखली. पहिल्या महायुद्धात व त्यानंतरच्या अफगाण लढाईत पडलेल्या सत्तर हजारांहून अधिक हिंदी सैनिकांचे हे स्मारक आहे. तेरा हजारांहून अधिक नावे दगडावर कोरलेली आहेत. लोक कमानीसमोर छायाचित्र काढतात आणि निघून जातात. आपण थोडे थांबून ती नावे वाचावीत. परक्याच्या युद्धात, परक्या भूमीवर आपले किती लोक कामी आले, ते वाचल्याशिवाय ध्यानात येत नाही.

कमानीच्या पाठीमागेच राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. ते २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. इंडिया गेटखाली १९७२ पासून तेवणारी अमर जवान ज्योत जानेवारी २०२२ मध्ये येथील ज्योतीत विलीन करण्यात आली. एकात एक अशी चार वर्तुळे आहेत. त्यांतील त्यागचक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्या जवानांची नावे एकेका शिळेवर आहेत. शेजारीच परमवीरचक्राच्या मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत. त्यांत कारवारकडचे राम राघोबा राणे सापडतील. १९४८ साली नौशेरा-राजौरीच्या वाटेवर त्यांनी शत्रूच्या माऱ्याखाली सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता करून दिला. मुलांना इथे न्यावे आणि आपल्या बाजूची आडनावे शोधायला सांगावे. इतिहासाच्या पुस्तकातली चार पाने पाठ करण्यापेक्षा हे बरे.

तेथून कनॉट प्लेसच्या बाजूला निघाले, की हेली रोडवर अग्रसेनाची बावडी आहे. उंच इमारतींच्या मधोमध शंभरांहून अधिक पायऱ्या खाली उतरत जातात. आपल्याकडच्या पायविहिरी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तिचे मर्म लगेच कळेल. पाणी जसजसे खाली जाईल, तसतसे माणसाने उतरत जावे, अशी ही सोय.

जवळच बंगला साहिब गुरुद्वारा आहे. शिखांचे आठवे गुरू हरकृष्ण १६६४ साली येथे, राजा जयसिंहाच्या बंगल्यात उतरले होते. शहरात साथ चालू असताना त्यांनी रोग्यांची सेवा केली आणि त्याच साथीत लहान वयात देह ठेवला. डोक्याला रुमाल बांधावा, जोडे जोडेघरात द्यावेत, पाय धुवावेत आणि आत जावे. लंगरात पंगतीला बसावे. तुमची जात, गाव, भाषा कोणी विचारत नाही. जेवण झाल्यावर शक्य असेल तर अर्धा तास भांडी घासायला किंवा पोळ्या लाटायला बसावे. तेही कोणी नाकारत नाही. तिथे चाललेले कीर्तन ऐकताना एक गोष्ट मनात ठेवावी. गुरुग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. चंद्रभागेच्या वाळवंटातला शिंपी दिल्लीच्या गुरुद्वारात गायला जातो. मग आपण तेथे परके कसे?

पश्चिमेस थोडे अंतर गेले, की तालकटोरा बाग. आज तिथे लोक सकाळी फिरायला येतात. १७३७ च्या वसंतात बाजीराव पेशव्यांची फौज अचानक दिल्लीच्या वेशीवर येऊन उभी राहिली, तेव्हा बादशाही फौजेशी तिची झटापट याच परिसरात झाली. दिल्ली जाळण्याचा विचार आपण का सोडला, हे बाजीरावांनी आपल्या भावाला, चिमाजी आप्पांना, पत्राने कळवले. आणि चिमाजी आप्पा त्या वेळी कुठे गुंतले होते? साष्टी-वसईच्या मोहिमेत. तालकटोऱ्याच्या हिरवळीवर बसलेल्या वसईकराने हे आठवावे, म्हणजे ती बाग नुसती बाग राहत नाही.

जुनी दिल्ली: चांदणी चौक

वसईकराचा दिल्लीशी संबंध एवढ्यावर संपत नाही. चांदणी चौकात गुरुद्वारा सीसगंज आहे. १६७५ साली गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद येथे झाला. त्याला लागूनच लहानशी सोनेरी मशीद आहे. १७३९ च्या मार्च महिन्यात इराणच्या नादिरशहाने दिल्लीत कत्तलीचा हुकूम दिला, तो या मशिदीत बसून. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपल्याकडे वसईचा किल्ला पोर्तुगिजांच्या हातून चिमाजी आप्पांच्या हाती आला. दोन महिन्यांच्या अंतराने एक राजधानी लुटली गेली आणि एक किल्ला जिंकला गेला. शाळेत ही दोन प्रकरणे निरनिराळ्या पानांवर असतात, म्हणून ती एकाच उन्हाळ्यातली आहेत हे आपल्याला उमगत नाही.

चौकाच्या टोकाला लाल किल्ला दिसतो. आत जायला तिकीट आहे, पण त्याची भव्य तटबंदी रस्त्यावरून मनसोक्त पाहता येते. या किल्ल्यातल्या बादशहाला १७७२ मध्ये महादजी शिंद्यांनी पुन्हा गादीवर आणून बसवले आणि पुढे अनेक वर्षे मराठी फौजेचा दिल्लीवर दाब राहिला. तो केव्हा गेला? ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. त्या तहाचे नावच 'वसईचा तह'! त्यातून युद्ध पेटले आणि ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव होऊन दिल्ली इंग्रजांकडे गेली. आपल्या गावाजवळ कागदावर झालेली एक सही नऊ महिन्यांत या तटापर्यंत येऊन पोचली. कागदावर सही करताना विचार करावा, असे वडील माणसे सांगतात, ते उगाच नव्हे.

समोर जामा मशीद आहे. शहाजहानने ती १६५० ते १६५६ या काळात बांधवली. अंगणात जाण्यास पैसे नाहीत. मनोरा चढायचा किंवा कॅमेरा न्यायचा तर पैसे पडतात. नमाजाच्या वेळा टाळून जावे. अंगभर कपडे असावेत, हे सांगायला नकोच.

दोन घरे

दिल्लीत दोन घरे अशी आहेत, की मराठी माणसाने ती चुकवू नयेत.

पहिले तीस जानेवारी मार्गावरचे. पूर्वी ते बिर्ला हाऊस होते, आता गांधीस्मृती आहे. महात्माजींच्या आयुष्याचे अखेरचे १४४ दिवस या घरात गेले. ३० जानेवारी १९४८ रोजी प्रार्थनेला जाताना ज्या वाटेने ते चालले, तिच्यावर त्यांच्या पावलांचे ठसे घडवून ठेवले आहेत. ते ठसे एकाएकी थांबतात. गोळ्या झाडणारा आपली भाषा बोलणारा होता, ही गोष्ट तेथे उभे राहिल्यावर टोचते आणि टोचावीच. पण त्याच भाषेत वाढलेल्या विनोबांनी पुढे गावोगाव पायी हिंडून भूदान मागितले, हेही खरे. एका भाषेत दोन्ही वाटा असतात. कोणती धरायची, ते ज्याचे त्याने ठरवायचे. येथून यमुनाकाठी राजघाटावर जावे. काळ्या दगडाचा साधा चौथरा आहे, त्यावर 'हे राम' एवढीच अक्षरे. समोरच्या गांधी संग्रहालयातही प्रवेशमूल्य नाही.

दुसरे घर अलीपूर रोडवर, क्रमांक २६. मंत्रिपद सोडल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे राहत होते आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी येथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आज तेथे उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराची इमारत उभी आहे. ते पुस्तक म्हणजे आपली राज्यघटना. १३ एप्रिल २०१८ रोजी हे स्मारक खुले झाले. मघाशी मी ज्या गृहस्थांबद्दल बोललो, त्यांना मी आधी येथेच पाठवले असते. दिल्ली मोठ्यांची आहे असे ज्याला वाटते, त्याने पाहावे, की एका सुभेदाराच्या मुलाने याच शहरात बसून देशाचा कायदा लिहिला आणि त्यात लहान-मोठ्यांना एकेकच मत दिले.

याच ओघात लक्ष्मीनारायण मंदिराचा, म्हणजे बिर्ला मंदिराचा, उल्लेख करतो. ते १९३९ साली गांधीजींच्या हस्ते उघडले. सर्व जातींना आत येऊ द्यावे, ही त्यांची अट होती. पंढरीच्या विठोबाचे दार उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले, हे आठवले म्हणजे त्या अटीचे मोल कळते. आज आपण सहज आत जातो. विनामूल्य गोष्टींचे मूल्यही कधीकाळी कोणीतरी चुकते केलेले असते.

अशोक: सोपाऱ्याचा आणि दिल्लीचा

आता थोडे उत्तरेला, टेकडीवर चला. तेथे अशोकाचा एक शिलास्तंभ रस्त्याच्या कडेला उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो मेरठहून आणवला. अठराव्या शतकाच्या आरंभी दारूच्या स्फोटात त्याचे तुकडे झाले. ते जोडून १८६७ साली तो पुन्हा उभा केला गेला. शेजारच्या रुग्णालयाचे नाव हिंदूराव. हे हिंदूराव म्हणजे कागलकर घाटगे, बायजाबाई शिंदे यांचे भाऊ. त्यांचा वाडा या टेकडीवर होता आणि १८५७ च्या लढाईत त्याच्या भोवती मोठे रण माजले. दिल्लीचे लोक रोज हे मराठी नाव घेतात, पण ते कोणाचे हे थोड्यांनाच ठाऊक असते.

दक्षिणेकडे ईस्ट ऑफ कैलास वस्तीत एका खडकावर अशोकाचा लेख आहे. १९६६ साली तो उजेडात आला. ज्या खडकाकडे पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाहिले नाही, त्यावर बावीसशे वर्षांपूर्वीची अक्षरे निघाली.

हे मी आवर्जून सांगतो याला कारण आहे. याच अशोकाचा लेख आपल्या सोपाऱ्यास होता. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ मध्ये जवळच भुईगावला नवव्याचा तुकडा सापडला. दोन्ही आज मुंबईच्या संग्रहालयात आहेत. म्हणजे ज्या राजाचा शब्द दिल्लीच्या खडकावर आहे, त्याचाच शब्द आपल्या बंदरातही कोरला होता. आपण दिल्लीला परगाव म्हणतो. अशोकाच्या लेखी दोन्ही गावे एकाच आज्ञेखालची होती.

दक्षिण दिल्लीतील दिवस

लोधी बाग सुमारे नव्वद एकरांची आहे. १९३६ साली व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावाने ती उघडली आणि स्वातंत्र्यानंतर तिला आजचे नाव मिळाले. सय्यद व लोदी सुलतानांच्या कबरी, मशीद आणि जुना पूल असे सारे एकाच बागेत आहे. १५१७ साली मरण पावलेल्या सिकंदर लोदीची कबरही इथलीच. घरून आणलेली शिदोरी इथे सोडावी. कुतुबमिनाराशेजारी मेहरौलीचे पुरातत्त्व उद्यान आहे. तिथे बल्बनची कबर, जमाली-कमालीची मशीद आणि राजोंकी बावडी पाहावी. झाडीतून फिरताना मिनार दिसत राहतो. तिकीट न काढता त्याचे दर्शन घडते ते असे.

कालकाजीला बहाई पंथीयांचे कमळमंदिर आहे. १९८६ च्या डिसेंबरात ते उघडले. संगमरवरी सत्तावीस पाकळ्या आणि नऊ दारे. आत मूर्ती नाही, प्रवचन नाही. कोणत्याही धर्माच्या माणसाने गप्प बसून आपल्या देवाचे स्मरण करावे, एवढाच नियम. लोकलच्या गर्दीत उमर घालवणाऱ्या आपल्या लोकांना हजार माणसांत बसून मिळणारी ती शांतता फार नवी वाटेल.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास गेलात, तर राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यान लोकांसाठी उघडे असते. आधी नोंदणी करावी लागते, पैसे लागत नाहीत. संसदेचे अधिवेशन चालू असेल, तर आपल्या खासदाराच्या शिफारशीने प्रेक्षक सज्जाचा पास मिळवता येतो. त्यासाठी निघण्याच्या पुरेसे आधी अर्ज करावा. आपण ज्याला मत दिले, तो तेथे काय करतो, हे पाहण्याचा हक्क सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा आहे.

चार सूचना

सोमवारी बहुतेक संग्रहालये, गांधीस्मृती आणि कमळमंदिर बंद असतात; त्या दिवशी बागा, गुरुद्वारे आणि चांदणी चौक ठेवावा. एप्रिल ते जून ऊन फार, डिसेंबर-जानेवारीत थंडी आणि धुके फार. नोव्हेंबरचा शेवट आणि फेब्रुवारी-मार्च बरे. सरकारी ओळखपत्र जवळ बाळगावे. वेळा व नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आणि शेवटची सूचना अशी, की स्टेशनाबाहेर कोणी गोड बोलून म्हणेल, "तुमचे ठिकाण आज बंद आहे, चला दुसरीकडे फुकट फिरवतो." त्याच्या रिक्षात बसू नये. ते फुकट शेवटी एखाद्या दुकानात नेऊन बसवते आणि सर्वांत महाग पडते. खरे विनामूल्य स्थळ तुम्हाला बोलवायला स्टेशनावर येत नाही. त्याचा पत्ता आपणच काढावा लागतो.

श्रोतेहो, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ज्ञान ऐकायला कोणालाही येऊन बसता यावे, हीच त्यामागची कल्पना. गावोगावच्या व्याख्यानमाला त्याच वाटेने चालत आल्या. आपणही आज या मांडवात तिकीट काढून आला नाहीत. त्याच पायरीवर पुढचे पाऊल टाका. दिल्लीस कामाने जाल तेव्हा दोन दिवस खोलीत पडून राहू नका. आणि दिल्लीचा योग येईपर्यंत थांबायचेही कारण नाही. वसईच्या किल्ल्याचे दार उघडे आहे, सोपाऱ्याचा स्तूपही उघडा आहे. ते गृहस्थ मला पुन्हा भेटले, तेव्हा मी त्यांना हे सारे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, किल्ला तरी मी कुठे नीट पाहिला आहे?" पुढच्या रविवारी ते मुलाला घेऊन किल्ल्यात गेले. दिल्लीची वाट त्यांनी घराजवळून धरली, याचा मला अधिक आनंद झाला.